शिजलेल्या भातावरचा कर

२७ नोव्हेंबर १९६१

दुर्गला जाऊन आले. कर भरला नाही. भरता आला नाही.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं नीट होईल.

मायच्या खानावळीच्या बिलांवर मी दसऱ्यापासून विक्रीकर लावते. कुणी सांगितलं नव्हतं. भिलाईत सेक्टर एकच्या बाजारात कापडवाल्याच्या बिलात खाली कराची वेगळी ओळ असते. मला वाटलं, आपणही विकतोच की. सरकारचा हिस्सा आपल्या घरात राहायला नको. दुर्गच्या प्रेसमध्ये बिलं छापून आणली, जेवणाऱ्यांकडून कर घेतला, तो वेगळ्या डब्यात ठेवला, मायलाही हात लावू दिला नाही. आज तो भरायला गेले.

खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "नंबर?"

मी म्हटलं, कसला?

"रजिस्ट्रेशन का. बिना नंबर के टैक्स वसूल किया? किससे पूछ के?"

मागचे व्यापारी हसले. बाबूने बिल उजेडात धरून वरचं नाव वाचलं. ते बाबांचं. प्रेसवाल्याने 'मालक कोण' विचारलं तेव्हा तेच तोंडात आलं. वास्तविक खानावळ मायची. बाबांनी कधी ताटसुद्धा उचललेलं नाही. पण मालक म्हटल्यावर दुसरं कुणाचं नाव सांगणार?

"ये क्या करते हैं?"

मी सांगितलं, भिलाईच्या प्लांटमध्ये रिगर आहेत, अवजड लोखंड वर चढवणारे खलाशी. चांगलं मोठ्याने सांगितलं, अभिमानाने.

"नौकरी भी, धंधा भी, ऊपर से टैक्स भी," तो म्हणाला. साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या सोमवारी यायचं. एक बिल त्याने ठेवून घेतलं.

बाबांचं नाव असलेलं बिल त्या ऑफिसात आहे. आणि बाबांची नोकरी अजून पक्की व्हायची आहे.


२८ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. माय म्हणाली, "ताप आहे का व?"

बांधकाम सरत आलं तशी माणसं कमी करणं सुरू आहे. सदाशिव आपल्याकडेच जेवायचा, दिवाळीनंतर त्याला कमी केलं, तो तुमसरकडे गावी गेला. बाबांच्या गँगमधले निम्मे गेले. बाबांना ठेवलं, कागद वर गेलेत, परमनंटची ऑर्डर आज येईल उद्या येईल. अशात कराच्या ऑफिसातून प्लांटला पत्र आलं की तुमचा माणूस खानावळ चालवतो आणि बिननंबरी कर गोळा करतो, तर?

घरात शिकलेली मी एकटी. गावच्या वावरात राहिले असते तर एवढं नुकसान करता आलं नसतं.


२९ नोव्हेंबर

मायला सांगितलं. तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"भातावर कर? कोनं सांगतलं होतं तुले?"

"कुणी नाही."

"मंग कावून घेतला?"

"न घेतला तर चोरी होईल म्हणून."

"आता घेतला म्हनून चोरी झाली?"

हो म्हटलं.

"शाळेनं चांगलं काम केलं तुह्यं," म्हणाली आणि परत सूप घेतलं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "तुह्या बापाले इतक्यात सांगू नोको. मामाले इचारू."


३० नोव्हेंबर

काशिनाथमामा येऊन गेले. दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आहेत, मामा नात्याने नव्हे, मायला बहीण मानतात म्हणून. सगळं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "पोरी, याच्यात सक्तमजुरी होते."

मायने कपाळाला हात लावला.

"एक तेलवाला होता. माझ्या डोळ्यादेखत प्लॅटफॉर्मवरून नेला."

"करासाठी?"

"ते मले ठाऊक नाही. पण नेला."

शनिवारी आपल्या ओळखीच्या वकिलाकडे नेतो म्हणाले. जाताना दोन भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. मायने त्याचं बिल कर म्हणून मला डोळा मारला. हसू आलं नाही.


२ डिसेंबर, शनिवार

सुटले!! निदान अर्धी.

मामा, माय, मी. वकील म्हातारे, नागपूरकडचे, मराठीत बोलले, त्यानेच बरं वाटलं. मी सगळं सांगितलं, डबा पुढे ठेवला. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

"माझ्याकडे लोक कर बुडवून येतात," म्हणाले. "तुम्ही लागत नसलेला घेऊन आलात."

मामांनी सक्तमजुरीचं विचारलं. वकील म्हणाले, "तुम्हाला हवी आहे का?"

म्हणे वि.क. (आता असंच लिहिणार, पूर्ण शब्द लिहवत नाही) सगळ्यांना नसतो. वर्षाची विक्री एका मर्यादेच्या वर गेली की नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर असेल त्यानेच कर घ्यायचा. नंबर नसताना घेणं हाच गुन्हा, मग तुमचं मन कितीही स्वच्छ असो. घेतला असेल तर ज्याचा त्याला परत करायचा, सह्या घ्यायच्या, आपण होऊन साहेबाला अर्ज द्यायचा. आपण होऊन गेलं तर बहुतेक समज देऊन सोडतात. "बहुतेक" हा शब्द त्यांनी वापरला. मी तो सोडून दिलेला नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे महिन्याकाठी उरतं ते फार थोडं आहे, मर्यादेच्या आसपाससुद्धा नाही. तर म्हणाले, उरतं किती ते मला नको. उरलेल्यावर आयकर पाहतात. वि.क.ला विकलं किती ते पाहतात, मग तुम्ही तोट्यात का असेना. झालं, परत घाम. मी तर उरलेलंच धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडून वर्षाचा अंदाज घेतला, कागदावर मांडला. मर्यादेच्या खाली आहोत. "पण फार खाली नाही. माणसं वाढवाल तर आधी मला विचारा."

मग मायने विचारलं, "तांदूळ आमच्या वावरातला होय. त्याच्यावर कसा लागते?"

"धान म्हणून विकलं असतं तर नसता लागला, आई. शिजवून ताटात वाढलं की ते जेवण झालं. मग ते वावरातलं राहत नाही."

"मंग चूल सरकारची होय का?"

वकील हसले.

घरच्यांची जेवणं धरायची का, हेही विचारलं. मी धरली होती, बाबांची, माझी, मायची.

"पोरीला भात विकता का?" मायला विचारलं त्यांनी.

"नाही बापा!"

"मग ती खोडा."

एवढ्याने विक्री अजून खाली आली. किती दिवस मी आपल्याच घासावर कर मांडत होते!

निघता निघता आमच्या मागच्या दोन खोल्यांचं विचारून घेतलं. तिथे डोमाजी आणि त्याच्या गावचे राहतात, भाडं म्हणून सुगीला धान आणतात. पैसा घेत नाही, मग ते भाडं कसं, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणाले, धानात घेतलं तरी भाडंच. पंचायतीला घरपट्टीत त्या खोल्या राहत्या नव्हे, भाड्याच्या म्हणून लिहून द्या. मायने माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे कशाला विचारलंस. पण आता कळलं ते कळलं.

राहिलं एक. खानावळ बाबांची नसून मायची आहे, असं बाबांनी स्वतः लिहून द्यायला हवं. आणि त्यांच्या ऑफिसलाही एक अर्ज, की बायको खानावळ चालवते. म्हणजे बाबांना सांगावं लागणार.


३ डिसेंबर

सांगितलं. रविवारचं जेवण झाल्यावर, मायने सुपारी कातरून हातात दिल्यावर.

बाबांनी सुपारी तोंडात टाकली. मग, "म्हंजे मी मालक व्हतो अन् मलेच ठाव नाही!"

माय हसली. मला रडू आलं.

"रडून कावून राहिली? मी तुले रागावलो का?" मग जरा वेळाने, "पन ऑर्डर आल्याशिवाय ऑफिसात काही द्याचं नाही. तिथं एक कागद गेला की दहा बाबू वाचतेत."

मी म्हटलं, वकिलांनी सांगितलंय, लपवायचं नाही.

"वकिलाले परमनंट व्हायचं आहे का?"

खरं आहे. तेही खरं आहे. पण वि.क. ऑफिसच्या कागदावर अंगठा दिला. म्हणाले, "लिव्ह, खानावळ बायकोची." आणि मग माझ्याकडे दौत सरकवत, "म्हंजे या घरात मी कोन झालो?"

माय आतून म्हणाली, "जेवनारे. पगाराले पैसे देत जा."


४ डिसेंबर, सोमवार

आज घाबरून उठले, आता हे लिहिताना आंघोळ केल्यासारखं हलकं वाटतंय.

साहेब बिलासपूरकडचे, तरुण, गळ्याला मफलर. अर्ज वाचला. बिल वाचलं. मग, "अचार पर भी टैक्स लगाया?"

हो म्हटलं. लोणचं वेगळं घेतलं तर त्याचे वेगळे पैसे, म्हणून त्याच्यावर वेगळा कर.

"आप तो हमसे भी आगे निकल गईं." माझ्या बाजूला वकील उभे होते, त्यांनी खाली पाहिलं. साहेब म्हणाले, जो लेना नहीं था वो लौटाओ, दस्तखत लाओ, बाकी बिल फाड़ डालो. लिमिट पार हुई तो नंबर लेना, नहीं हुई तो घर बैठो. मालकाच्या नावाचं काय, मी विचारलं. वकिलांनी माझी बाही ओढली. साहेबांनी बाबांचं लिहून दिलेलं पाहिलं, अर्जाला टाचणी लावली, म्हणाले ठीक है. एवढंच. माझी आठ दिवसांची झोप, आणि ठीक है.

उठताना विचारलं, "खाने में क्या रहता है?"

"वरण, भात, भाजी, भाकरी."

"मछली?"

"रविवार को."

मान डोलावली. आम्ही सुपेल्याला कुठे राहतो, ते लिहून घेतलं. वकील बाहेर येऊन म्हणाले, आले तर पैसे घ्या बरं, फुकट जेवू घालाल तर नवाच गुन्हा होईल.


६ डिसेंबर

परत करणं सुरू. वाटलं होतं तेवढं सोपं नाही, कुणी घ्यायलाच तयार नाही.

एक म्हणाला, राहू दे, सणाला गोड कर. एक म्हणाला, माह्या भाजीत तेल टाक त्याचं. मी प्रत्येकाला समजावते की हे माझं नाही, सरकारचं नाही, तुमचंच आहे. डोमाजी सगळ्यांत मोठा, पंगतीत पहिल्या पाटावर बसतो. तो म्हणाला, "पोट्टी, सरकारनं एकदा नेलेला पैसा वापस आला असं मी जन्मात आयकलं नाही. हे काही खरं दिसून नाही राहिलं. मी अंगठा देत नाही."

"अंगठा दिला नाही तर माझी सुटका नाही, डोमाजीकाका."

"मंग आदी सांगतलं असतं तं. तुह्यासाठी देतो. कागदात काय आहे ते वाचून दाखव. दोनदा."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याच्या पुतण्यासाठी.


९ डिसेंबर

सगळ्यांचे झाले, सदाशिवचे राहिले. मनिऑर्डर करावी तर पोस्टाचं कमिशनच त्याच्या करापेक्षा जास्त. बाबा पोट धरून हसले. "मनिऑर्डर त्याच्या गावाले गेली तं लोक म्हनतीन, कमी केला तरी भिलाई याले पेन्शन देते."

डोमाजीचा पुतण्या लग्नाला तिकडेच निघाला होता, त्याच्याबरोबर पैसे पाठवले, सहीचा कागदही. पुतण्याला बजावलं की सही हवीच. तो म्हणाला, ताई, तिकडे लग्न आहे, तिथं कोण सही करून राहिलं? मी कागद त्याच्या खिशात नीट गेला की नाही ते पाहिलं.


१४ डिसेंबर

सदाशिवची सही आली. मागे लिहिलंय: मायले नमस्कार, इथं भात असतो पण तिखट नसते.

मायने पदराने डोळे पुसले. म्हणाली कांदा होता. कांदा नव्हता.

सह्या दुर्गला दिल्या. बाबूने पावती दिली, आणि, "अब किसी को टैक्स मत लगाना." बिलं चुलीत घातली. छान जळली, कागद जाड होता.

पण बाबांचा ऑफिसचा अर्ज अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. धुवायला शर्ट घेतला की मी काढते आणि परत ठेवते.


२० डिसेंबर

अर्ज खिशातच. आज म्हटलं, बाबा, द्याल ना? "देईन." कधी? "ऑर्डर आली की."

ऑर्डर आल्यावर दिला आणि आधी का नाही म्हणाले तर? आणि आधी दिला आणि ऑर्डरच अडली तर? दोन्ही बाजूंनी विचार करते. मायला एकाही बाजूने करायचा नाही. "तुह्या बापाची नौकरी होय, तुह्या बापालेच ठरवू दे." बरोबर आहे. तरी.

पंचायतीच्या शिपायाला मात्र खोल्या भाड्याच्या म्हणून लिहून दिल्या. त्याने विचारलं, भाडं किती? मी धान सांगितलं. त्याने धान लिहायची जागा नाही म्हणून पुष्कळ वेळ घालवला. शेवटी बाजारभाव विचारून लिहिला. घरपट्टी वाढली. थोडीच. मायने माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलणं टाकलं, मग हाक मारली, भाकऱ्या थाप.


२ जानेवारी १९६२

बाबांनी अर्ज दिला!

न सांगता. ड्यूटीवरून आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "देऊन आलो." मी विचारलं, ऑर्डर? "नाही आली." मग का दिला?

"आज गँगमधून आनखीन चौघं गेले. म्या म्हटलं, जायाचं असन तं मालक म्हनून कावून जाऊ? खलाशी म्हनूनच जातो."

बाबू काय म्हणाला? काही नाही. वाचलं, शिक्का मारला, ट्रेमध्ये टाकलं. बाबा तिथे उभे राहिले, तर म्हणाला, और कुछ?

मी रात्रभर जागेन असं वाटलं होतं. आठच्या आत झोपले असेन, माय म्हणते.


१९ जानेवारी

ऑर्डर आली. बाबा पक्के.

लिहायला शब्दच नाहीत, आणि लिहिल्याशिवाय बसवतही नाही. बाबांनी कागद मला वाचायला दिला, परत घेतला, परत दिला. इंग्रजी होती. मी मराठीत सांगितलं. खालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोन?" मोठे साहेब, म्हटलं. "त्याहिले माहीत असन का, माही बायको खानावळ करते?" तुमचा अर्ज फाइलीत आहे म्हणजे असेल. "तरी दिली." हो, तरी दिली.

मायने सगळ्या पंगतीला गुळाचा शिरा वाढला. डोमाजी म्हणाला, "याच्यावर कर किती?" सगळे हसले. मीसुद्धा. पहिल्यांदाच या शब्दावर हसले.

मामा शिरा खाऊन म्हणाले, मी तर म्हटलंच होतं, काही होत नाही.


२८ जानेवारी, रविवार

नव्या रोलिंग मिलवरची गँग सुपेल्यात उतरलीय. बालाघाटकडची माणसं. त्यांचा मुकादम आज मायला विचारायला आला, सगळ्यांचं जेवण कराल का, महिन्याच्या बोलीवर. माय म्हणाली, सांगते.

मी हिशेब मांडला. घेतली तर वर्षाच्या विक्रीत मर्यादा पार होते. म्हणजे नंबर, दर काही महिन्यांनी साहेबाकडे विवरण, खरेदीच्या पावत्या जपून ठेवणं, आणि या वेळी खरोखरचा कर. मायच्या नावाने.

बाबा म्हणाले, "कायले पाहिजे डोक्याले ताप? आता पगार पक्का आहे."

माय भाकऱ्या थापत राहिली.

मी वकिलांकडे जाऊन सगळं विचारून आले. नंबर घ्यायला घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. नंबर न घेता कर घेतला तेव्हा घाबरायचं होतं, तेव्हा तुम्ही घाबरला नाहीत. मी म्हटलं, मी फार घाबरले होते. "नंतर," म्हणाले.


३० जानेवारी

मुकादम परत येऊन गेला. मायने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, पाहू.

आज बाजारातून डोक्यावर मोठं गंज घेऊन आली, भात शिजवायचं, पितळेचं, भरलं की दोघींनी मिळून उचलावं एवढं. विचारलं, कशाला आणलं?

"जुन्याले छेद पडला."

संध्याकाळी जुनं गंज मीच घासलं. पाणी भरून दारात ठेवलं, बुडाखाली हात घालून पाहिला. कोरडा.